कुंडीतील झाडांची निगा : एका नवशिक्याचा अनुभव

घराच्या ओट्यावर, खिडकीत किंवा परसदारी चार कुंड्या असाव्यात, ही हौस आज केवळ शहरवासीयांची राहिलेली नाही. तुळशीवृंदावन आपल्या अंगणात पूर्वापार आहेच. त्याच्या जोडीला मोगरा, कोरफड, मनी प्लांट अशी झाडे आता खेड्यांतील घरांतूनही दिसू लागली आहेत. परंतु हौसेने आणलेल्या या झाडांपैकी पुष्कळशी पहिल्या वर्षातच मरतात, आणि ‘आमच्या हाताला झाड लागत नाही’ असे म्हणून माणूस रिकाम्या कुंड्या माळ्यावर टाकतो. ज्यांचा जन्म शेतीत गेला, त्यांच्याही कुंड्यांची पुष्कळदा हीच गत होते.

मी विस्तारकार्यातील एक सेवक आहे. पिकांच्या मशागतीविषयी गावोगाव सांगत फिरणे हेच माझे काम. असे असूनही कुंड्यांच्या बाबतीत मी अगदी नवशिका होतो आणि पहिल्याच वर्षी सहापैकी चार झाडे गमावून बसलो. ती का गेली आणि उरलेली कशी वाचली, याचा वृत्तान्त येथे देत आहे. शेतकरी बंधुभगिनींस व गावपातळीवरील कार्यकर्त्यांस तो उपयोगी पडावा, एवढाच यामागील हेतू आहे.

पहिल्या वर्षाची चूक

गोदाकाठच्या काळ्या जमिनीच्या एका गावी माझी नेमणूक होती. पावसाळ्याच्या आरंभी मी सहा कुंड्या मांडल्या : दोन तुळशी, एक कोरफड, एक क्रोटन, एक मनी प्लांट आणि एक मोगरा. पहिली पाच रोपे बाजारातील होती. मोगरा मात्र आमच्या जुन्या घरच्या अंगणातला. आईने अनेक वर्षे जोपासलेल्या झाडाचे ते दाबकलम होते. वाटणीनंतर ते अंगण मोडून तेथे बांधकाम झाले, मूळ झाड गेले, आणि त्याचा वंश म्हणून एवढे एकच रोप उरले. आईने ते एसटीच्या प्रवासात मांडीवर धरून आणून दिले होते.

कुंड्यांत मी शेतातील काळीभोर माती दाबून भरली. जी माती कपाशीला मानवते ती मोगऱ्याला का मानवू नये, असा माझा विचार होता. कुंड्या प्लॅस्टिकच्या होत्या. त्यांच्या तळाची भोके उघडलेली आहेत की नाहीत, हे मी पाहिले नाही. दोन कुंड्यांची भोके बंदच होती, हे पुढे कळले. रोज सकाळी प्रत्येक कुंडीस तांब्याभर पाणी घालण्याचा नेम मी ठेवला आणि तो एक दिवसही चुकविला नाही.

श्रावणाच्या सुमारास खालची पाने पिवळी पडू लागली. भर दुपारी झाडे माना टाकू लागली. तहान लागली असावी, असे समजून मी सायंकाळीही पाणी घालू लागलो. तरीही सुधारणा दिसेना, तेव्हा झाडे अशक्त झाली असावीत म्हणून प्रत्येक कुंडीत चमचाभर युरिया टाकला. पंधरा दिवसांच्या आत दोन्ही तुळशी, कोरफड आणि क्रोटन गेले. मोगऱ्याचीही पाने गळू लागली.

शेजारी एक वयोवृद्ध शेतकरी राहात. सारे गाव त्यांस आबा म्हणते. मी त्यांस मोगरा दाखविला. त्यांनी कुंडी आडवी करून मातीचा गोळा अलगद हातावर घेतला. मातीस गटारासारखा वास येत होता. मुळ्या तपकिरी व बुळबुळीत झाल्या होत्या. आबा म्हणाले, “भाऊसाहेब, वाफसा आल्याबिगर रानात औत घालू नका, असं तुम्हीच आम्हांला सांगता. ह्या कुंडीला वाफसा कधी येऊ दिला तुम्ही?”

या प्रश्नास माझ्याजवळ उत्तर नव्हते. परंतु कुंडीतील झाडाचे सारे शास्त्र त्या एका शब्दात साठविलेले आहे, हे मला पुढे पटले.

कुंडीलाही वाफसा हवा

वाफसा म्हणजे काय, हे शेतकऱ्यास सांगावयास नको. माती ओलसर आहे, परंतु चिकटत नाही. मुठीत दाबली तर गोळा होतो आणि अंगठ्याने टिचवला तर फुटतो, ती स्थिती म्हणजे वाफसा. चांगल्या मातीच्या आकारमानाचा सुमारे निम्मा भाग पोकळीचा असतो. वाफशाच्या वेळी या पोकळीचा काही भाग पाण्याने व काही भाग हवेने भरलेला असतो. मुळांना दोन्हींची गरज आहे. पाने श्वसन करतात तशी मुळेही करतात, आणि त्यासाठी त्यांस मातीतील हवेतून प्राणवायू मिळावा लागतो.

पोकळी पाण्याने पूर्ण भरली की हवेची वाट बंद होते. प्राणवायू हवेतून जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजारावा हिस्सा एवढ्या मंद गतीने तो पाण्यातून पसरतो. मुळे गुदमरतात, कुजू लागतात आणि पाणी वर ओढण्याचे त्यांचे काम थांबते. मग भोवती पाणी असूनही पाने कोमेजतात. नवशिक्याची फसगत नेमकी येथे होते. कोमेजलेले पान पाहून तो तहान समजतो व आणखी पाणी घालतो. बुडत्याला पाणी पाजण्यासारखाच हा प्रकार आहे.

म्हणून झाड कोमेजलेले दिसताच प्रथम तांब्या न उचलता मातीत बोट घालावे. माती कोरडी असेल तर झाड तहानलेले आहे. पाणी मिळाल्यावर काही तासांत ते टवटवीत होईल. माती ओली असूनही झाड मान टाकीत असेल तर मुळांचे दुखणे आहे असे समजावे व पाणी तत्काळ थांबवावे.

कुंडी व माती

शेतात मुळांना खोल जाण्यास वाव असतो व जादा पाणी निचऱ्याने खाली उतरते. कुंडीत तो वाव नाही. भोक असले तरी पाणी भरल्यानंतर तळाचा काही सेंटिमीटर थर बराच काळ चिंब राहतो. स्वयंपाकघरातील साधा स्पंज घेऊन हे पाहता येते. स्पंज पाण्यात पूर्ण भिजवून आडवा धरावा. ठिबकणे थांबले की तोच स्पंज उभा करावा. आणखी पाणी गळू लागते. उंची वाढली की निचरा अधिक होतो. म्हणून उथळ कुंडी अधिक ओली राहते व खोल कुंडीत मुळांना हवा अधिक मिळते.

तळाशी खडी किंवा विटांचे तुकडे यांचा जाड थर देण्याची चाल सर्वत्र आहे. त्याने निचरा सुधारतो हा समज बरोबर नाही. वरची बारीक माती पूर्ण चिंब झाल्याखेरीज पाणी खालच्या खडीत सहसा उतरत नाही. परिणामी चिंब थर तळाशी राहण्याऐवजी वर सरकतो आणि मुळांची जागा तेवढी कमी होते. भोकावर माती वाहून जाऊ नये म्हणून खापरीचा एक तुकडा पालथा ठेवावा, तेवढे पुरे.

नुसती काळी माती कुंडीस अयोग्य होय. ओली असता ती फुगून हवा कोंडते आणि वाळली म्हणजे आक्रसून कुंडीच्या काठापासून सुटते. मग घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जाते, वरून कुंडी भिजल्यासारखी दिसते आणि आतील गोळा मात्र कोरडाच राहतो. माझ्या अनुभवास उतरलेले मिश्रण असे : पोयट्याची माती दोन भाग, पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत एक भाग आणि नदीची जाड वाळू एक भाग. समुद्राची वाळू क्षारयुक्त असल्याने घेऊ नये. कोरफडीसारख्या पाणी साठविणाऱ्या झाडांसाठी वाळूचे प्रमाण दुप्पट करावे. शेणखत कच्चे असल्यास मुळांस इजा होते व हुमणी, वाळवी यांचा उपद्रव संभवतो.

मातीच्या कुंडीच्या भिंतीतून ओल बाहेर पडते, त्यामुळे ती लवकर वाळते. जास्त पाणी घालण्याची ज्यांस सवय आहे अशा नवशिक्यास तीच बरी. प्लॅस्टिकची कुंडी स्वस्त व हलकी असते, परंतु तिच्यात ओल अधिक दिवस टिकते, हे ध्यानात ठेवावे. लहान रोपास एकदम मोठी कुंडीही देऊ नये. जेथवर मुळे पोचलेली नाहीत तेथील माती ओली राहून आंबते. मुळे तळाच्या भोकातून डोकावू लागली की आधीच्यापेक्षा सुमारे पाच सेंटिमीटर अधिक व्यासाची कुंडी द्यावी. पावसाळ्याचा आरंभ या कामास उत्तम.

पाणी केव्हा व किती

‘रोज एक तांब्या’ असा नियम कोणत्याच झाडास लागू पडत नाही. वैशाखात मोगऱ्याची कुंडी दिवसाकाठी वाळेल. तीच कुंडी श्रावणात आठ दिवस ओली राहील. म्हणून दिवस न मोजता माती पाहावी. बोट दोन पेरांपर्यंत मातीत खुपसावे. तेथे ओल लागली तर पाणी घालू नये. कोरडे लागले तर सावकाश, तळाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत घालावे. थोडे थोडे वरवर शिंपल्याने केवळ वरचा थर भिजतो व मुळे वरच राहतात. पाणी घातल्यावर व वाळल्यावर कुंडी उचलून पाहण्याची सवय लावल्यास महिन्याभरात हातालाच वजन कळू लागते.

कुंडीखालील बशीत साचलेले पाणी ओतून द्यावे. त्यात कुंडी बुडून राहिली की तळ पुन्हा चिंब होतो. शिवाय डेंग्यूचा प्रसार करणारा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. मनी प्लांट बाटलीत ठेवला असेल तर आठवड्यातून एकदा पाणी बदलून बाटली घासावी. गावात कोरडा दिवस पाळला जातो त्याच दिवशी हे काम केल्यास विसर पडत नाही.

उजेडाची पारख

मनी प्लांट मूळचा प्रशांत महासागरातील बेटावरचा, दाट झाडीत वृक्षांच्या आधाराने चढणारा वेल. त्यामुळे घरातील मंद उजेड त्यास चालतो. माझ्या अनाडी हातून तो तगला, त्याचे एक कारण हेच असावे. आणि त्याची कुंडी भोके उघडलेल्यांपैकी होती, हे दुसरे. तुळस व मोगरा यांस मात्र उघडे ऊन हवे. तुळस देव्हाऱ्याजवळ, आतल्या खोलीत ठेवून ती जगावी अशी अपेक्षा करणे व्यर्थ होय.

आपला डोळा अंधारास चटकन सरावतो, त्यामुळे घरातील जागा वाटते त्यापेक्षा पुष्कळ काळोखी असते. भर दुपारी झाडाच्या जागी कोरा कागद ठेवून त्यावर वीतभर उंचीवर हात धरावा. सावली ठसठशीत पडली तर उजेड भरपूर. पुसट पडली तर मध्यम, मनी प्लांट व स्नेक प्लांट यांस पुरेसा. सावली दिसतच नसेल तर तेथे कोणतेही झाड फार काळ ठेवू नये. सावलीतील झाड उन्हात न्यावयाचे असल्यास आठदहा दिवसांत थोडे थोडे ऊन वाढवीत न्यावे. एकदम नेल्यास पाने करपतात.

उजेडाचे महत्त्व पटविणारा एक जुना प्रयोग कुंडीतच झालेला आहे. फ्लँडर्समधील फान हेल्माँट या वैद्याने २०० पौंड वाळलेली माती कुंडीत भरून तीत वाळुंजाच्या जातीचे ५ पौंडांचे रोप लावले. पाच वर्षे केवळ पाणी घातले. झाड सुमारे १६९ पौंडांचे झाले. माती पुन्हा वाळवून तोलली तेव्हा ती अवघी दोन औंस घटली होती. हा वृत्तान्त १६४८ साली प्रसिद्ध झाला. झाड सर्वस्वी पाण्यातूनच वाढले, असा त्याने निष्कर्ष काढला. आज आपण जाणतो की पाणी व हवेतील कार्बन डायऑक्साइड यांपासून पाने उजेडात अन्न तयार करतात, आणि झाडाच्या अंगाचा बहुतेक भाग त्यातूनच बनतो. मातीतून लागणारी द्रव्ये अत्यावश्यक खरी, परंतु अल्प. उजेड कमी असेल तर अन्न कमी बनते, वाढ मंदावते आणि पाण्याचा खपही घटतो. म्हणून आतल्या झाडास बाहेरच्या झाडाइतके पाणी घालणे म्हणजे त्यास बुडविणे होय.

खताचा हिशेब

माझा चमचाभर युरिया किती होता, याचा हिशेब मी नंतर मांडला. कुंडीचे तोंड २५ सेंटिमीटर व्यासाचे होते. म्हणजे क्षेत्र एका चौरस मीटरचा सुमारे विसावा हिस्सा. हेक्टरी १०० किलो नत्र देणे म्हणजे चौरस मीटरला १० ग्रॅम आणि या कुंडीला अर्धा ग्रॅम देणे. युरियात ४६ टक्के नत्र असते. तेव्हा कुंडीच्या वाट्यास सुमारे १ ग्रॅम युरिया आला. चहाचा एक चमचा युरिया सुमारे ४ ग्रॅम भरतो. म्हणजे मी हेक्टरी पावणेचारशे किलो नत्र एका दिवसात, आणि तेही कुजत्या मुळांवर टाकले होते. एखाद्या शेतकऱ्याने असे केले असते तर त्यास मी काय बोललो असतो, ते सांगावयास नको.

खताचे क्षार मातीत अति झाले की मुळांतीलच पाणी बाहेर ओढले जाते व पानांची टोके करपतात. नवशिक्याने कुंडीत रासायनिक खताच्या भानगडीत न पडता दर दोन महिन्यांनी मूठभर गांडूळखत वरच्या मातीत मिसळावे. आजारी झाडास व नुकत्याच कुंडी बदललेल्या झाडास नवी पालवी फुटेपर्यंत कोणतेही खत देऊ नये.

कीड व दक्षता

पानांच्या बेचक्यांत कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण समजावा. एकदोन झाडे असल्यास ओल्या फडक्याने पुसून काढणे हाच सोपा उपाय. प्रादुर्भाव अधिक असेल तर एक लिटर पाण्यात ५ मिलिलिटर निंबोळी तेल व किंचित साबण मिसळून सायंकाळी पानांच्या दोन्ही बाजूंस फवारावे. शेतातील उरलेले कीटकनाशक घरातील कुंडीवर कदापि वापरू नये.

लहान मुले व जनावरे यांच्या आटोक्यात कण्हेर व डायफेनबेकिया ही झाडे ठेवू नयेत. कण्हेरीचे सर्व भाग विषारी आहेत. डायफेनबेकिया व मनी प्लांट यांची पाने चावल्यास तोंडाची आग होऊन सूज येते.

मोगरा कसा वाचला

आबांच्या सांगण्यावरून मी मोगऱ्याच्या कुजलेल्या मुळ्या स्वच्छ कात्रीने छाटल्या. उरलेल्या मुळांना जेवढा भार पेलेल तेवढाच राहावा म्हणून वरील फांद्याही एक तृतीयांश कमी केल्या. लहान मातीच्या कुंडीत नवे मिश्रण भरून रोप लावले, एकदा पाणी दिले आणि भरपूर उजेडाच्या परंतु सावलीच्या जागी ठेवले. त्यानंतर बोटास माती कोरडी लागेपर्यंत पाणी न घालणे, हेच मला सर्वांत कठीण गेले. तीन आठवडे रोप जैसे थे होते. चौथ्या आठवड्यात एका डोळ्यातून तांबूस कोंब फुटला.

हिवाळ्यात मी ते उन्हात आणले, पौषात हलकी छाटणी केली आणि चैत्रात त्यावर पहिल्या सात कळ्या आल्या. आई तेव्हा मुक्कामास होती. तिने कळ्या तोडल्या नाहीत. “एवढं एक झाड, याच्यावर भरवसा ठेवू नकोस, पावसाळ्यात दाब दे,” एवढेच सांगितले. त्याप्रमाणे तीन दाबकलमे केली. एक आईकडे, एक आबांच्या अंगणात व एक ग्रामपंचायतीच्या आवारात आहे. ज्या झाडाचे आपणास मोल वाटते त्याचे एकच रोप कधीही ठेवू नये, हा धडा मी तिच्याकडून घेतला.

कार्यकर्त्यांसाठी एक प्रात्यक्षिक

कुंडीत जे घडते तेच शेतातही घडते. पावसाच्या ताणानंतर जोराची सर येऊन पाणी साचले की काळ्या रानातील कपाशी एकाएकी मलूल होते. आकस्मिक मर म्हणतात ती हीच. तूरही साचलेले पाणी सोसत नाही. अशा वेळी चर काढून पाणी बाहेर काढणे व वाफसा येताच मातीत हवा खेळती करणे, हा पहिला उपाय होय. रोग समजून औषधावर खर्च करण्यापूर्वी मुळे उपटून पाहावीत.

हे पटविण्यास एक सोपे प्रात्यक्षिक करता येते. दोन सारख्या कुंड्यांत एकाच वयाची टोमॅटोची रोपे लावावीत. एकीचे भोक मेणाने बंद करावे, दुसरीचे उघडे ठेवावे, व दोहोंस रोज सारखेच पाणी द्यावे. भोक बंद असलेल्या कुंडीतील रोपाची पाने थोड्याच दिवसांत खाली झुकून पिवळी पडू लागतात. आठदहा दिवसांनी शेतकरी बंधूंसमक्ष दोन्ही रोपे उपटून मुळे पाण्यात धुवावीत. एकाची पांढरी व दुसऱ्याची तपकिरी मुळे पाहिल्यावर निचऱ्याचे महत्त्व सांगण्यास व्याख्यानाची गरज उरत नाही. मी स्वतः आता प्रत्येक खरिपापूर्वी हे करून दाखवितो आणि माझी चार झाडे कशी गेली, तेही सांगतो.

ज्यांनी रिकाम्या कुंड्या माळ्यावर टाकल्या असतील त्यांनी त्या खाली काढाव्यात, तळाची भोके उघडी आहेत याची खात्री करावी आणि येत्या पावसाळ्यात पुन्हा एक रोप लावावे. पाणी घालण्यापूर्वी एकदा मातीत बोट घालून वाफसा पाहावा. एवढे नियमाने केल्यास झाड हाताला लागत नाही, अशी तक्रार करण्याचा प्रसंग सहसा येणार नाही.